माणा, २८ फेब्रुवारी २०२५: इशारा वेळेवर आला, मुक्काम मात्र उताराखाली होता

गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळी पाच वाजता चंडीगडच्या डीजीआरईने, म्हणजे संरक्षण खात्याच्या बर्फ आणि हिमस्खलनावर काम करणाऱ्या संस्थेने, पुढच्या चोवीस तासांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला. उत्तराखंडचे पाच जिल्हे त्यात होते: चमोली, उत्तरकाशी, रुद्रप्रयाग, पिथौरागड आणि बागेश्वर. २,४०० मीटरच्या वरचा भाग धोक्याचा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. डेहराडूनच्या राज्य आपत्कालीन केंद्राने जिल्हाधिकाऱ्यांना सावधगिरीचं पत्रही पाठवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच ते सहाच्या दरम्यान, त्याच चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ साधारण ३,२०० मीटरवर, सीमा रस्ते संघटनेच्या म्हणजे बीआरओच्या कॅम्पवर वरच्या उतारावरून बर्फ कोसळला. तिथे आठ कंटेनर आणि एक शेड होती. आत ५४ मजूर होते. त्यातले ४६ वाचले, आठ गेले.

हे प्रकरण मी निवडलं ते एवढ्यासाठी की इथे 'कुणाला काही कळलंच नव्हतं' असं म्हणायची सोय नाही. अंदाज वेळेवर आला, जिल्ह्यासकट आणि उंचीसकट खरा ठरला, तरी आठ माणसं गेली. हिवाळी ट्रेकला जाणारी आपली मंडळी सगळा भर हवामानाच्या अंदाजावर ठेवतात. ॲपमध्ये किती सेंटीमीटर बर्फ दिसतोय, कोणत्या दिवशी आभाळ उघडतंय, एवढ्यावर जायचं की नाही ते ठरतं. माणाची घटना बघताना माझं लक्ष मात्र पुन्हा पुन्हा दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. वादळाच्या रात्री माणूस कुठे झोपलेला असेल, हे वादळाच्या कितीतरी आधी, एखाद्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी ठरलेलं असतं. तो निर्णय चुकला असेल तर संध्याकाळी पाचचा इशारा फारसं काही करू शकत नाही.

आधी जागा समजून घेऊ. बद्रीनाथपासून तीन किलोमीटरवरचं माणा अनेकांनी पाहिलेलं असतं: भीमपूल, सरस्वती आणि अलकनंदेचा संगम, पुढे वसुधारा. पण आपण पाहतो तो मे ते ऑक्टोबरमधला माणा. त्या हंगामात बद्रीनाथचे दरवाजे १७ नोव्हेंबर २०२४ला बंद झाले होते. दरवाजे बंद झाले की माणातली भोटिया कुटुंबं घरांना कुलपं लावतात आणि गुरंढोरं, सामानसुमान घेऊन खालच्या गावांत उतरतात. उन्हाळा लागेपर्यंत गाव रिकामं असतं. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं आहे. थंडी हे त्याचं एक कारण. पण दोन्ही अंगांनी चढत गेलेले उघडे उतार आणि त्यातून थेट खाली येणाऱ्या घळी पाहिल्या की दुसरंही कारण समजतं. तिथे जन्मलेली माणसं फेब्रुवारीत तिथे राहत नाहीत.

मग ५४ माणसं तिथे काय करत होती? माणापासून माणा खिंडीकडे सीमेचा रस्ता जातो आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ हटवावा लागतो. लष्कर आणि आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या, तुकड्या त्या भागात असतात, त्यांच्यापर्यंत रसद पोहोचायला हवी. त्यासाठी कंत्राटदारामार्फत आलेले मजूर आणि मशीन चालवणारे तिथे मुक्कामाला होते: बिहार, उत्तर प्रदेश, हिमाचल, पंजाब, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंडचेच काही. त्यातल्या अनेकांचं गाव सपाट मुलखातलं. डोक्यावरच्या उतारावर किती बर्फ साठलाय, तो कुठपर्यंत येऊ शकतो, हे ओळखायची सवय त्यांना असण्याचं कारणच नव्हतं. आणि मुक्कामाची जागा त्यांनी निवडलेलीही नव्हती.

आता वादळ. २०२५चा जानेवारी वायव्य भारतात फार कोरडा गेला होता. महाशिवरात्रीच्या, म्हणजे २६ फेब्रुवारीच्या सुमाराला एक जोरदार पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारं वादळ, आला. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सगळीकडे वर बर्फ आणि खाली पाऊस. २८ तारखेला हिमाचलमधल्या कुल्लूत ओढे-नाले फुगून रस्त्यावरच्या गाड्या वाहून गेल्या, यावरून त्या विक्षोभाने किती पाणी आणलं होतं याची कल्पना येईल. माणासारख्या उंचीवर तेच पाणी बर्फ होऊन उतारांवर साठत होतं.

बर्फाच्या बाबतीत 'किती पडला' याइतकंच 'किती वेळात पडला' हे महत्त्वाचं. उतारावर हळूहळू पडलेला बर्फ दबतो, कण एकमेकांना धरतात, थर बसतो. दीड-दोन दिवसांत कित्येक फूट पडला तर त्याला बसायला वेळच मिळत नाही. त्यात वारा असेल तर डोंगरधारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून तो दुसऱ्या बाजूच्या खोलगट भागात भरतो. तिथला भार पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. कोरड्या, थंड हिवाळ्यात आणखी एक गोष्ट होते. जमिनीवर थोडासाच बर्फ असतो, वरची हवा कडाक्याची गार आणि जमीन त्यामानाने उबदार. या फरकामुळे तळाच्या बर्फाचे कण बदलतात आणि जाड्या साखरेसारखे सुटे, रवाळ होतात. मूठभर हातात घेतले तर गोळा होत नाही, बोटांतून गळून जातात. अशा तळावर अचानक जड थर येऊन बसला की वरचा सगळा पाट एका झटक्यात सुटतो. ३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी सगळ्यात धोक्याचे. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा टिकत नाही, त्याहून सपाट उतारावर तो सहसा सुटत नाही.

म्हणून वादळ चालू असताना आणि ते थांबल्यानंतरचा एक-दोन दिवसांचा काळ सर्वांत घातक असतो. डीजीआरईने इशारा दिला तो याच हिशोबाने. मग प्रश्न येतो की पाच वाजता इशारा मिळाल्यावर माणसाने नेमकं करायचं काय?

फेब्रुवारीच्या शेवटी त्या खोऱ्यात संध्याकाळी सहाच्या थोडं पुढे सूर्य मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम तासाभराचा. बाहेर बर्फ पडतोय, समोरचं दिसत नाही, खालचा रस्ता ठिकठिकाणी बर्फाखाली गेलेला. अशा वेळी पन्नासहून अधिक माणसांना घेऊन निघणं म्हणजे ज्या उतारांची भीती आहे त्यांच्याच पायथ्याने अंधारात चालणं. कंटेनरमध्ये थांबणं आणि बाहेर पडणं, दोन्ही पर्याय वाईट. त्या रात्री कुणी काय ठरवलं असतं तरी ते दोन वाईट पर्यायांतूनच निवडावं लागलं असतं. म्हणूनच मला हे प्रकरण त्या रात्रीचं वाटत नाही. कॅम्प जिथे मांडला गेला त्या दिवशीच ते सुरू झालं.

रस्त्याच्या कामांचे कॅम्प कुठे पडतात ते हिमालयात फिरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. कामाच्या जवळ, पाण्याच्या जवळ, गाडी उभी राहील अशा सपाटीवर. डोंगराळ खोऱ्यात सपाटी मिळते ती घळीच्या तोंडाशी आणि उताराच्या पायथ्याला, कारण ती सपाटी घळीतून वर्षानुवर्षं येणाऱ्या दगडमातीनेच तयार केलेली असते. उन्हाळ्यात ती जागा आदर्श दिसते. आणि हिमस्खलनात कॅम्पमधली माणसं दगावतात ती बऱ्याचदा या पायथ्याच्या सपाटीवर, जिथे उतार नाही म्हणून निर्धास्त वाटतं.

याच चमोली जिल्ह्यात, शेजारच्या नीती खोऱ्यात, २३ एप्रिल २०२१ला सुमनाजवळ असंच झालं होतं. काही दिवस सतत पडलेला बर्फ, खाली बीआरओच्या मजुरांचा कॅम्प, वरून आलेलं हिमस्खलन. लष्कराने ३८४ लोकांना सुखरूप बाहेर काढलं, पण डझनाहून अधिक मजूर गेले. जिल्हा तोच, कामाचं स्वरूप तेच, आणि माणाच्या घटनेला चार वर्षंसुद्धा मध्ये नाहीत. सुमनानंतर प्रत्येक हिवाळी कॅम्पच्या डोक्यावरचा उतार मोजून जागा पक्की करणं किंवा हलवणं हाच त्याचा सरळ अर्थ होता, असं माझं ठाम मत आहे.

माणाला बर्फ कोसळल्यानंतर जे घडलं त्यावर मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण तिथे माणसांनी जिवाची बाजी लावली.

आयटीबीपी आणि लष्कराच्या तुकड्या जवळच होत्या, हे मोठं नशीब. लष्कराच्या आयबेक्स ब्रिगेडचे शंभरहून अधिक जवान, डॉक्टर आणि रुग्णवाहिका घेऊन कामाला लागले. बर्फ पडतच होता, आजूबाजूला छोटी हिमस्खलनं होत होती. म्हणजे खोदणारेही त्याच धोक्याखाली उभे होते. दुपार व्हायच्या आत आठपैकी पाच कंटेनर सापडले आणि पहिले दहा जण जिवंत बाहेर आले. ढकलले गेलेले काही कंटेनर उतारावरून खाली गेले होते. दार तुटून बाहेर फेकले गेलेले काही मजूर बर्फातून अनवाणी चालत आडोशाला पोहोचले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ३३ जण निघाले. अंधार आणि बर्फ यांमुळे रात्री काम थांबवावं लागलं. शनिवारी आभाळ उघडलं आणि आणखी १७ जण निघाले. जखमींना हेलिकॉप्टरने ज्योतिर्मठच्या (जुनं नाव जोशीमठ) लष्करी रुग्णालयात नेलं गेलं. बाहेर काढलेल्या या पन्नास जणांपैकी चौघे वाचू शकले नाहीत. उरलेल्या चौघांचा शोध रविवारी, २ मार्चला संपला. जमिनीखालचं टिपणारं रडार, उष्णता ओळखणारे कॅमेरे आणि शोधश्वान या सगळ्यांच्या मदतीने त्यांचे मृतदेह मिळाले. मोहीम साठ तासांच्या आसपास चालली.

शनिवारी निघालेले लोक जवळपास चोवीस तास बर्फाखाली होते. हिमस्खलनाच्या नोंदी माहीत असणाऱ्याला हा आकडा थक्क करतो. उघड्या बर्फात पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाची वेळ मिनिटांत मोजतात. स्वित्झर्लंडमधल्या चाळीस वर्षांच्या नोंदी सांगतात की पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ जण वाचतात. अर्ध्या तासावर हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास येतं. थांबलेला बर्फ दगडासारखा घट्ट बसतो, छाती हलत नाही, नाकातोंडासमोर श्वासाच्या वाफेचा बर्फ होऊन हवा अडते. बहुतेक जण गुदमरून जातात.

माणाचे मजूर वाचले ते पोलादी कंटेनरमुळे. कंटेनर चेपले, घरंगळले, तरी आत हवेची पोकळी राहिली. थंडी आणि जखमा यांच्याशी झुंजायला माणसाला काही तास मिळाले. हे नीट लक्षात घ्यायला हवं, कारण '५४ पैकी ४६ वाचले' हा आकडा ऐकून तंबूत राहणाऱ्या ट्रेकरला उगीच धीर येऊ शकतो. त्या जागी तंबू असते तर साठ तासांच्या शोधमोहिमेत जिवंत कोण सापडलं असतं, याचा विचारही करवत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे बातम्यांमध्ये जाता जाता पाहिलं गेलं. आत किती माणसं आहेत हा आकडा दोनदा बदलला. आधी ५७ सांगितलं गेलं. मग कळलं की दोघे रजेवर आहेत, म्हणून ५५. नंतर कळलं की बेपत्ता धरलेला एक जण कुणाला न सांगता हिमाचलमधल्या आपल्या घरी पोहोचलाय आणि सुखरूप आहे, म्हणून ५४. त्याच्या घरच्यांसाठी याहून मोठं सुख नाही. पण शोधणाऱ्यांच्या बाजूने पाहा. जवान स्वतःचा जीव धोक्यात घालून बर्फ उपसत होते आणि ज्यांना शोधायचं त्यांतला एक जण तिथे नव्हताच. कोणत्या कंटेनरमध्ये रात्री कोण झोपलं याची त्या दिवशीची यादी कॅम्पपासून दूर, दुसऱ्या चौकीवर असती तर शोध कुठे करायचा आणि कधी थांबवायचा हे पहिल्याच तासात ठरवता आलं असतं. आपल्या ट्रेकमध्ये हीच चूक रोज होते. बेस कॅम्पवरून कुणी मध्येच परत फिरतो, कुणी ओळखीच्यांबरोबर दुसऱ्या ग्रुपमध्ये जातो आणि लीडरच्या वहीत नाव तसंच राहतं.

पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तराखंडातल्या केदारकांठा, ब्रह्मताल, कुआरी पासच्या ट्रेकला जाणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. या वाटांवरचे बरेचसे मुक्काम जंगलात किंवा मोकळ्या बुग्यालांवर म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, त्यामानाने सुरक्षित जागी असतात. पण जोरदार बर्फ पडला, ठरलेला कॅम्प बंद झाला आणि लीडरने 'इथेच खाली टाकू तंबू' म्हटलं, की आपण माणाच्याच प्रश्नापाशी येतो. दरडीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे नवं वाटू नये. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला तेव्हा ती वस्ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मुसळधार पावसाची रात्र, झोपलेली माणसं आणि डोक्यावरचा उतार. तिथे माती आली, माणाला बर्फ आला.

जागा तपासायची एक पद्धत आहे, ती प्रत्येक लीडरला यायलाच हवी. तंबू लावायचा त्या जागी उभं राहायचं. फोनमधलं कोन मोजायचं ॲप उघडायचं आणि फोनची कड डोळ्यासमोर धरून वरच्या उताराच्या सर्वांत उंच भागावर नेम धरायचा, जिथून बर्फ सुटू शकेल तिथे. पायथ्याच्या चढावर नेम धरायचा नाही, अगदी माथ्याखालच्या खोलगट भागावर धरायचा. कोन २५ अंशांहून जास्त भरला तर तिथे मुक्काम नको. त्याहून कमी भरला म्हणून लगेच निश्चिंत व्हायचं नाही, कारण मोठी हिमस्खलनं २० अंश किंवा त्याच्याही खालपर्यंत पोहोचल्याच्या नोंदी आहेत. हिशोब करून पाहा: तंबूच्या हजार मीटर वरून निघालेला बर्फ आडवं दोन किलोमीटर अंतर कापून येऊ शकतो, तेव्हा हा कोन २६-२७ अंश असतो. म्हणजे जो उतार 'लांब आहे' म्हणून आपण सोडून देतो तोही मोजणीत धरावा लागतो.

वादळात मात्र काहीच दिसत नाही. धुक्यात आणि बर्फात वरचा माथा गायब असतो, मग नेम कशावर धरणार? म्हणून ही मोजणी घरी, नकाशावर, ट्रेक सुरू व्हायच्या आधी करायची. ठरलेल्या प्रत्येक मुक्कामाची, आणि अडचण आली तर वापरायच्या प्रत्येक पर्यायी जागेचीसुद्धा. नकाशावरच्या समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषांवरून उंची आणि अंतर काढलं की कोन निघतो. प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर झाडं बघायची. घनदाट जंगलात मधूनच वरपासून खालपर्यंत मोकळा पट्टा असेल, भोजपत्राची झाडं खालच्या बाजूला झुकलेली असतील, खोडांच्या वरच्या अंगाच्या फांद्याच नसतील, तर तिथून बर्फ येऊन गेलेला आहे. बर्फात पाऊल टाकल्यावर खालून 'धप्प' असा दबका आवाज आला, किंवा पावलापासून भेग पळत गेली, तर त्या उतारावर आणि त्याच्या खाली थांबायचं नाही.

पैसे भरण्याआधी ट्रेक नेणाऱ्या संस्थेला तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी मागावं. डीजीआरईचं बुलेटिन रोज कोण बघतं, आणि ते वर कॅम्पवर नेटवर्क नसताना कसं पोहोचतं? चोवीस तासांत फूटभर नवा बर्फ पडला तर मुक्काम कुठे हलणार, आणि ती जागा अंधारात, कोणत्याही उताराखालून न जाता गाठता येते का? आणि मुक्काम हलवायचा किंवा ट्रेक रद्द करायचा निर्णय वर असलेला लीडर स्वतः घेऊ शकतो, की त्याला खाली ऑफिसात फोन लावावा लागतो? तिसऱ्या प्रश्नावर आढेवेढे घेतले गेले तर त्या संस्थेबरोबर हिवाळ्यात जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन.

बीआरओ, लष्कर, वीजप्रकल्प यांच्या कामांवरच्या मजुरांना हे प्रश्न विचारता येत नाहीत. ते कंत्राटदाराने दाखवलेल्या कंटेनरमध्ये पथारी पसरतात. त्यांच्या वतीने हे विचारायचं काम निविदा काढणाऱ्यांचं आहे. कामाच्या अटींमध्ये हिवाळी कॅम्पची जागा डीजीआरईकडून तपासून घेणं, इशारा आल्यावर माणसं हलवायची सुरक्षित जागा आधीच नक्की करणं आणि रात्रीची हजेरी दुसऱ्या चौकीवर देणं या तीन गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि नोव्हेंबरात माणातल्या घरांना कुलपं लागतात त्याच सुमाराला त्यांची तपासणी झाली पाहिजे.